रीस्टार्टला हात लावायचा नाही

'आपोआप' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. दूधवाला असो, पाहुणा असो की माझ्यासारखा लाइन देणारा असो, 'आपोआप बंद पडलं' असं कुणाच्या तोंडून निघालं की ते हातातलं काम थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोण आपोआप?" जणू आपोआप नावाचा कुणी इसम खंडाळ्यात राहतो आणि घरोघरी जाऊन वस्तू बिघडवतो.

त्यांचं घर खंडाळ्यात, घाटाच्या कडेला, एका मोठ्या बंगल्याच्या मागं होतं. दोन खोल्या आणि पत्र्याचा व्हरांडा. आता तिथं पोहायचा हौद बांधलाय आणि शनिवार-रविवारी ते घर भाड्यानं देतात. काका स्वतः मुलीकडं तळेगावला राहायला गेले. नवा मालक माझंच गिऱ्हाईक आहे. परवा त्याचा फोन आला, "अहो, नेट आपोआप जातंय." मी म्हणालो, माणूस पाठवतो. फोन ठेवला आणि उगीचच डोकं फिरलं. माणूस गाव सोडून गेला तरी त्याचा शब्द आपल्या डोक्यातून जात नाही, याचा मला राग येतो. त्या माणसानं माझं नुकसान केलंय. लहानसहान नाही. कसं केलं ते सांगतो, पण सांगून झाल्यावर कुणी मला त्यांची बाजू समजावू नये. ती मला पाठ आहे.

माझा धंदा इंटरनेटच्या लाइनचा. लोणावळा, खंडाळा, खाली कार्ल्यापर्यंतचे बंगले, हॉटेलं, दुकानं. घरची भाताची खाचरं होती, पण मी टीव्हीच्या केबल ओढण्यापासून सुरुवात केली. खांबावर चढलो, माकडांनी तोडलेल्या वायरी जोडल्या. शिक्षण बारावीपर्यंत, तेही ओढूनताणून. खरं शिकलो ते भाव पाडायला. पुण्यातली एक कंपनी बंद झाली, तिची जुनी मशीनं आणि त्यातली नेटवर्क कार्डं एका व्यापाऱ्यानं उचलली. त्याच्याशी मी दिवसभर घासाघीस केली आणि अर्धा ढीग टेम्पोत घालून आणला. उरलेला अर्धा लोणावळ्यातल्याच दुसऱ्या लाइनवाल्यानं उचलला. त्याला मी इथं 'पलीकडचा' म्हणतो, कारण त्याचं ऑफिस रेल्वे रुळांच्या पलीकडं आहे.

मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम टाकली ती फुकटातली. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही उघडून वाचावी, कुणीही दुरुस्त करावी अशी. मला त्यातलं 'फुकट' तेवढं आवडलं होतं. 'कुणीही दुरुस्त करावी' याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

सगळ्या गिऱ्हाइकांची लाइन ज्या मशीनमधून जाते ते माझ्या लोणावळा बाजारातल्या गाळ्यात, मागच्या खोलीत असतं. ते अधूनमधून पडायचं, आणि पडायचं ते नेमकं पर्यटक भरलेले असताना. स्क्रीनवर इंग्रजी आकडे-अक्षरांचा ढीग उतरायचा आणि सगळं थिजायचं. मग बाळू बटण दाबायचा. बाळू माझा लाइनमन, लोहगडवाडीचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा. बटण दाबलं की दोन-चार मिनिटांत सगळं परत चालू. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात. गिऱ्हाईक चिडून फोन लावतं तोवर लाइन आलेली असते. त्यालाच आम्ही दुरुस्ती म्हणायचो.

अशात एक दिवस हे गृहस्थ गाळ्याच्या दारात येऊन उभे राहिले. अर्धी चड्डी, कानटोपी, पायात रबरी बूट. गिऱ्हाईक जुनं, पण मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"तुझं मशीन शनिवारी पडतं," ते म्हणाले. "रविवारी दुपारी पडतं. मंगळवारी पडत नाही. का?"

"लोड येतो ना काका. पर्यटक केवढे असतात."

"एकतीस डिसेंबरला किती होते?"

"विचारू नका."

"तेव्हा पडलं का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं पडलं.

"मग लोड नाही," ते म्हणाले आणि न विचारता खुर्ची ओढून बसले. "किंवा नुसता लोड नाही."

पुढं कळलं की त्यांनी अख्खा जन्म परदेशातल्या एका कंपनीत हेच केलं होतं. मशीनं का पडतात ते शोधायचं. कंपनीचं नाव ते सांगत नसत. "तिथं मी होतो, हे तिच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं नव्हतं," एवढंच म्हणत. खंडाळ्यात लोक दरीचा देखावा बघायला हॉटेलवाल्याला मागेल तेवढे पैसे देतात. यांच्या व्हरांड्यातून तोच देखावा फुकट दिसायचा आणि हे त्याच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दरी कालही हीच होती. भिंतीला ओल नवी आलीय."

त्या ओलीवरून त्यांनी बंगल्याच्या मालकाला वर्षभर छळलं असं ऐकलं. मालक गवंडी पाठवायला तयार होता. हे म्हणायचे, गवंडी नको, आधी पाणी कुठून येतं ते कळू दे. भिंतीवर पेन्सिलीनं ओलीची कड आखून ठेवायचे. रेघेवर रेघा, एखाद्या डोंगराच्या नकाशासारख्या. मालकानं शेवटी हात टेकले.

बाळूची त्यांनी अशीच परीक्षा घेतली. त्यांच्याकडं लाइन बघायला गेला की निघताना बाळूची मोटरसायकल चालू होत नसे. किक मारून मारून बाळू घामाघूम. हे व्हरांड्यातून बघायचे. उठायचे नाहीत, मदत करायचे नाहीत.

"दुसरीकडं होते का चालू?" एक दिवस विचारलं.

"व्हय की. हितंच आपो..." बाळू मध्येच थांबला. "हितंच रुसती, काका."

ते खाली आले, गाडीभोवती फिरले, टाकीचं झाकण उघडायला लावलं आणि आत डोकावून म्हणाले, "गाडी बरी आहे. तू इथं उताराकडं तोंड करून लावतोस आणि पेट्रोल असतं तळाला. ते पुढं जातं, नळीपर्यंत पोचत नाही. पेट्रोल एवढं कमी का टाकतोस?"

"शेठ जेवढं देत्यात तेवढं टाकतो."

हे बाळूनं मला स्वतः येऊन सांगितलं, तेही चार माणसांत. मी त्याला झापला. पण पेट्रोलला जास्त पैसे द्यायला लागलो, कारण आता तो कुठंही उशिरा पोचला की उताराचं नाव सांगायचा.

असो. मशीनचा विषय निघाला तेव्हा मी लगेच सौद्यावर आलो. म्हणालो, "काका, तुम्ही बघा काय बिघाड आहे ते. तुमची लाइन जन्मभर फुकट."

"नको. पैसे मी देणार."

"का?"

"म्हणजे मला तक्रार करता येईल."

"मग काय घेणार?"

त्यांनी विचार केला. म्हणाले, "एक गोष्ट. मशीन पडलं की मला फोन करायचा, आणि मी येईपर्यंत रीस्टार्टला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही पुरावा धुऊन टाकता आणि मग चोर सापडत नाही म्हणून रडता."

एवढंच? मी मनातल्या मनात खूश झालो. आयुष्यभर सौदे केले, पण समोरच्यानं पैसे मागितले नाहीत की आपण बेसावध होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी हात पुढं केला. त्यांनी हात मिळवला. सौदा झाला.

पहिल्या वेळी मशीन पडलं तेव्हा बाळूनं सवयीनं बटण दाबलं. हे खंडाळ्याहून आले, चालू झालेलं मशीन बघितलं आणि आल्या पावली परत गेले. दुसऱ्या वेळी मीच दाबलं. हॉटेलवाल्याचा फोन सारखा वाजत होता. ते आले, स्क्रीन बघितला आणि मला म्हणाले, "तुझा शब्द किती मिनिटं टिकतो तेवढं सांग. मी त्या हिशेबानं रिक्षा करीन."

हे मला लागलं. मी भाव पाडतो, रडवतो, माल उचलून परत खाली ठेवतो, पण एकदा ठरलं की ठरलं. मावळात कुणालाही विचारा. त्या दिवशी मी बाळूला सांगितलं, आता मशीन जळून खाक होऊ दे, काका येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

आणि मग श्रावणातला तो शनिवार आला.

हॉटेलवाल्याचं आधी सांगायला पाहिजे. खंडाळ्यातलं ते मोठं हॉटेल म्हणजे माझ्या धंद्याचा कणा होता. नुसतं हॉटेल नव्हे, आजूबाजूचे बंगलेवाले त्याच्याकडं बघून लाइन घ्यायचे. पलीकडच्यानं त्याच्या फाटकापर्यंत केबल आणून गुंडाळी करून ठेवली होती. रोज जाता-येता ती गुंडाळी मला दिसायची. माझी एक मोठी चूक झाली की ती गुंडाळी आत जाणार, हे मला माहीत होतं आणि हॉटेलच्या मॅनेजरलाही माहीत होतं.

त्या शनिवारी हॉटेलात एका कंपनीचा मोठा कार्यक्रम होता. परदेशातले साहेब पडद्यावर दिसणार होते. बाहेर दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं एवढं धुकं, जुन्या रस्त्यावर गाड्यांची रांग खंडाळ्यापासून थेट बाजारापर्यंत. भर दुपारी आमच्या गाळ्यातले दिवे एकदा मिचकावले. मागच्या खोलीतून बाळूचा आवाज आला, "शेठ, पडलं."

काकांना फोन केला. म्हणाले, "निघालो. हात लावू नको."

लगेच दुसरा फोन. मॅनेजर. "साहेब, नेट गया. लोक बसलेत. किती वेळ?"

"आत्ता येतंय."

"आत्ता म्हणजे?"

रस्त्यावर गाड्या हलत नव्हत्या. मी बाहेर जाऊन बघायचो, परत आत यायचो. बटण समोर होतं. एक बोट लावायचं काम. मॅनेजरचा फोन पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी त्याच्या आवाजातलं 'साहेब' थोडं लहान होत होतं. बाळू दाराला टेकून माझ्याकडं बघत होता.

"काय बघतोस?"

"काय न्हाई. शब्द दिलाय तुमी."

"मला माहितीय."

"दाबायचं आसंल तर मी बाहीर जातो. मी बघितलं न्हाई म्हनंन."

"गप बस बाळू."

काका आले ते चालत. खंडाळ्यापासून बाजारापर्यंत, गाड्यांच्या मधून, निथळत. टॉवेल दिला तर त्यांनी तो खुर्चीवर टाकला आणि त्याच्यावर बसले. स्क्रीनकडं असं बघितलं, जसा एखादा खूप दिवसांनी भेटलेल्या मित्राकडं बघतो.

"फोटो काढला का?"

"काढला," मी म्हणालो. "आता चालू करू?"

"नाही. वाच."

"काका, तिकडं हॉटेलात..."

"शेवटून वर वाच. मी लिहितो."

मी वाचायला लागलो. इंग्रजी अक्षरं, आकडे, मध्ये शून्यं. माझा आवाज चढत होता. ते शांतपणे पेन्सिलीनं कागदावर उतरवत होते. मध्येच म्हणाले, "थांब. पडायच्या आधी काय झालं?"

"आपो..." मी म्हणालो आणि जीभ चावली.

"लाइट गेलती," बाळू म्हणाला. "डोळा मिटावा येवढीच. लगीच आली."

"मग हे मशीन बंद का नाही झालं?"

"ह्ये इन्व्हर्टरवर हाय."

काका उठले आणि टेबलाखाली शिरले. तिथं मशीनच्या शेजारी लोखंडी डबा होता. सगळ्या वायरी त्या डब्यात येऊन मिळतात आणि तिथून एक जाड वायर मशीनच्या नेटवर्क कार्डात जाते. काकांनी डब्याच्या विजेच्या वायरीवर बोट ठेवलं आणि बोट सरकवत सरकवत भिंतीपर्यंत गेले. ती वायर साध्या प्लगात होती. इन्व्हर्टरवर नव्हती.

"हा का नाही इन्व्हर्टरवर?" टेबलाखालून प्रश्न आला.

"लोड येतो इन्व्हर्टरवर."

"ह्याचा? हा तर झिरोच्या बल्बाएवढा खातो."

"त्या वेळी वायर पुरली नव्हती."

"दुकान शेजारी आहे," बाळू म्हणाला. मी त्याच्याकडं बघितल्यावर तो बाहेर गेला.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर या वेळी शांत होता. म्हणाला, "साहेब, राहू द्या आता. दुसऱ्याची लाइन घेतली आत. त्यांचा माणूस फाटकावरच होता." आणि ठेवला.

मी फोन हातात धरून उभा होतो. काका टेबलाखालून बाहेर आले. गुडघ्याला जळमटं, चेहरा उजळलेला.

"कळलं," ते म्हणाले.

"काय कळलं? माझं हॉटेल गेलं."

"बस. सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. चिडलेल्या माणसालाही कळेल असं सांगायची त्यांची हातोटी होती, हे मान्य करतो. म्हणाले, कार्ड आणि मशीन यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दोघांचं बोलणं तो चालवतो. समज, पंगत बसलीय. लाइट मिचकावते, डबा मरतो, कार्डाला वाटतं वायर कुणी उपटली. ड्रायव्हर म्हणतो, पंगत संपली, उचला पत्रावळी. एक जण पत्रावळी उचलत सुटतो. पण शनिवार आहे, गर्दी आहे, दुसरा अजून वाढतोच आहे. त्याला कुणी सांगितलंच नाही. तो वाकतो, तर पान नाही. भात वाढायचा कुठं? तिथं तो कोसळतो आणि त्याच्याबरोबर अख्खं मशीन. मंगळवारी लाइट गेली तरी पंगतीला माणसंच नसतात. एकतीस डिसेंबरला माणसं होती, पण लाइट गेली नाही.

"वाढप्यानं आधी विचारायला पाहिजे, पान आहे का," ते म्हणाले. "किंवा उचलणाऱ्यानं थांबायला पाहिजे. ज्यानं ड्रायव्हर लिहिला त्याच्या हे डोक्यात आलं नाही. त्याच्या गावात लाइट अशी मिचकावत नसणार."

मी टेबलाखाली वाकलो, डब्याचा प्लग ओढला आणि इन्व्हर्टरच्या पट्टीत खुपसला. वायर पुरली. थोडी ताणली गेली, पण पुरली.

"झालं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. "आता हे पडणार कसं?"

"पडू नये म्हणूनच तर."

"तू लक्षण घालवलंस. दोष आहे तिथंच आहे."

त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी ढिगातलं एक जुनं मशीन आणि तसलंच एक कार्ड मागितलं. मी म्हणालो, न्या, सगळं घेऊन जा. बाळूनं ते त्यांच्या व्हरांड्यात पोचवलं.

पुढचे कित्येक दिवस बाळू बातम्या आणायचा. "काका दिसभर वायर काढत्यात आन् घालत्यात. काढत्यात आन् घालत्यात. माकडं बसून बघत्यात."

"जेवतात तरी का?"

"येका हातानं."

माझं मशीन त्यानंतर पडलं नाही. पण हॉटेल गेलं ते गेलंच, आणि त्याच्यामागं दोन बंगलेही गेले. मी रात्रंदिवस एकच गणित मांडत होतो. पलीकडच्यानं माझ्याच ढिगातली कार्डं घेतली आहेत. सिस्टीम तीच, फुकटातली. आणि बाळूच्या मेहुण्यानं त्याच्याकडं काम केलं होतं, त्याच्याकडून कळलं होतं की पलीकडच्याचाही डबा साध्या प्लगात आहे. म्हणजे त्याचंही मशीन पडतच असणार. त्याला कारण माहीत नाही, मला आहे. हॉटेलाचा मॅनेजर उतावळा माणूस. चार-पाच वेळा कार्यक्रमाचा विचका झाला की तो माझ्याकडं येणार. फक्त थांबायचं होतं.

आणि तसंच होऊ लागलं. मॅनेजरचा फोन आला. "साहेब, तुमचा रेट काय आहे सध्या?" मी आवाज सपाट ठेवून रेट सांगितला. तो म्हणाला, "बघतो. इकडं पण शनिवारी प्रॉब्लेमच आहे." मी फोन ठेवला आणि सरळ खंडाळ्याला गेलो.

काका भिंतीकडं तोंड करून बसले होते. शेजारी मशीन, वायर गळ्यात टाकलेली, हातात साखर नसलेला काळा चहा.

"सापडलं?" मी विचारलं.

"सापडलं. दुरुस्तीही लिहिली. चार ओळींची आहे."

"छान. आता ऐका. ही दुरुस्ती तुम्ही त्या जगभरच्या लोकांकडं पाठवणार."

"हो. ती त्यांचीच सिस्टीम आहे."

"पाठवा. मी नको म्हणत नाही. फक्त दिवाळी होऊ द्या."

"का?"

मी सगळं सांगितलं. हॉटेल, गुंडाळी, पलीकडचा, मॅनेजर. लपवलं काही नाही. ते चहा पीत ऐकत होते. मला वाटलं, पटतंय.

"बरं, दिवाळी लांब वाटत असेल तर दसरा," मी म्हणालो.

त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला.

"दसऱ्यापर्यंत काय बिघडतंय? इतकी वर्षं तो दोष होताच ना तिथं?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"ठीक आहे, गणपती जाऊ द्या. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पाठवा. याच्या खाली मी येऊ शकत नाही काका. माझ्याही पोटाचा प्रश्न आहे."

"आणखी कुणाचं तरी पडत असेल," ते म्हणाले. "कुठल्या तरी गावात. ते लोक बटण दाबत बसले असतील."

"दाबू देत की."

"तुझं पडत होतं तेव्हा तू असं म्हणाला नव्हतास."

"तेव्हा ते माझं होतं."

ते जरा हसले. मग म्हणाले, "काल पाठवली."

"मग एवढा वेळ मला बोलू का दिलं?"

"तू बोलत होतास. मी ऐकत होतो. सौदा करतोय असं मी कुठं म्हणालो?"

मी उठलो. जाताना त्यांच्या गळ्यातली वायर ओढून काढावीशी वाटली. माझीच होती ती.

पाठवली म्हणजे लगेच पोचत नाही. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी ती तपासली, हरकती काढल्या, यांनी उत्तरं दिली. बाळू म्हणायचा, काकांचं कुणाशी तरी भांडण चाललंय, पण खुशीत आहेत. इकडं माझं मॅनेजरशी बोलणं चालू होतं. रेटवर आम्ही जवळजवळ आलो होतो. तो भेटायला येतो म्हणाला. आणि मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. दिवाळीच्या गर्दीत त्याची लाइन एकदाही गेली नाही.

का गेली नाही ते मला पलीकडच्यानं स्वतः सांगितलं. त्याचा फोन आला तेव्हा मी गाळ्यात एकटा होतो. आवाजात गोडवा.

"काय शेठ, अभिनंदन."

"कशाचं?"

"तुमचं नाव आलंय आमच्या मशीनमध्ये. अपडेट टाकलं, मशीन पडायचं थांबलं, म्हणून पोरानं उघडून बघितलं काय बदललंय ते. तर दुरुस्तीबरोबर सगळं लिहिलेलं आहे. दोष कुणी कळवला, तिथं तुमचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. वाचून दाखवू?"

"नको."

"ऐका तर. असं लिहिलंय, कळवणाऱ्याच्या जागेवर मशीन इन्व्हर्टरवर होतं, पण स्विच, म्हणजे वायरींचा डबा, नव्हता. आता हे जगात जिथं जिथं ही सिस्टीम जाईल तिथं तिथं जाणार म्हणे. कायमचं. पुसता येत नाही." तो थांबला. "मी पण लगेच आमचा डबा इन्व्हर्टरवर घेतला. तुमचं वाचून. पेढे पाठवू का?"

मी फोन आपटला. मग काकांना लावला. म्हणालो, ते इन्व्हर्टरचं वाक्य काढा. आत्ताच्या आत्ता काढा. नाव ठेवा हवं तर.

"ते काढलं तर दोष कसा घडतो ते कळणार नाही," ते म्हणाले. "नाव काढता आलं असतं. पण शोधायला एक माणूस एक तास बटण न दाबता उभा राहिला, ते कुठं लिहायचं मग?"

मी फोन ठेवला आणि त्यांची लाइन कापली. जागेवरून उठावंही लागत नाही. मशीनवर त्यांचं नाव शोधायचं आणि बंद करायचं. पैसे भरलेली लाइन होती. कापली.

मग मी वाट बघत बसलो. ते येणार, ओरडणार, आणि मग मी त्यांना सगळं ऐकवणार. हॉटेल, दोन बंगले, दिवाळी. वाक्यं तयार होती. जेवताना, गाडी चालवताना मी ती घोटत होतो. घरात कुणी बोलायला आलं तरी अंगावर जात होतो.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चालतच. अर्धी चड्डी, कानटोपी, रबरी बूट. समोर बसले आणि तक्रार सांगायला लागले, जशी ते नेहमी सांगत.

"लाइन बंद आहे. माझ्या घरातल्या डब्यावरचा दिवा हिरवा आहे, म्हणजे वायर शाबूत. बाहेरच्या खांबापर्यंत बघून आलो, माकडांनी काही केलेलं नाही. शेजारच्या बंगल्याचं चालू आहे. म्हणजे खराबी माझ्याकडं नाही, रस्त्यात नाही. इथं आहे. कारण काय?"

बाळू दारात थांबला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"बघतो," मी म्हणालो. "चालू करून देतो."

"चालू नंतर कर. कारण सांग."

सगळी वाक्यं डोक्यात होती आणि एकही जिभेवर येईना. शेवटी म्हणालो, "मी बंद केली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"हॉटेलासाठी?"

"हॉटेलासाठी. आणि त्या वाक्यासाठी."

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यात कुठं फट आहे का ते तपासावं तशी जरा वेळ माझ्याकडं नजर लावली. मग हातांचा आधार घेऊन उठले.

"मग बिघाड नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, आणखी काही निघालं."

आणि ते गेले. चालू कर म्हणाले नाहीत, का केलंस म्हणाले नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली, पण माझ्या हातातलं भांडण असं कुणी काढून घेऊन गेलं नव्हतं. बाहेर जाऊन बघितलं तर ते चढाला लागलेले, पाठमोरे, वाटेत एका खांबापाशी थांबून वर वायरीकडं बघत होते.

"चालू करू का, शेठ?" बाळूनं विचारलं.

"तू जा. कामं नाहीत का?"

तो गेला. मी गल्ल्यापाशी बसलो, उठलो, मागच्या खोलीत गेलो, परत आलो. मग स्वतःच चालू केली.

ते घरी पोचले असतील तेवढ्यात फोन वाजला.

"चालू झाली," ते म्हणाले. आणि मग, "आपोआप?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.